पिवळा दिवा कोणामुळे लागला

बाबांनी गाडी अंगणात आणून उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. खिडकीतून मान बाहेर काढून त्यांनी मला हाक मारली, "बाई, इकडं ये बरं. हा कोणता दिवा लागून राह्यला?"

मी नुकतीच न्हाऊन केस पुसत होते. टॉवेल खांद्यावर टाकून तशीच गेले आणि आत वाकून पाहिलं. वेगाच्या काट्याशेजारी इंजिनाच्या आकाराचा छोटा पिवळा दिवा पेटला होता. किल्ली फिरवली की तो क्षणभर लागतो आणि विझतो, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. चालू गाडीत तो असा ठाण मांडून बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. मी घाबरले. आणि मी घाबरले की ती भीती रागाच्या रूपानं तोंडावाटे बाहेर पडते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

"काय केलं तुम्ही?" मी विचारलं.

विचारलं म्हणजे काय, ठरवूनच टाकलं.

आम्ही गडचिरोलीत राहतो. आई, बाबा आणि मी. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही, आणि आता त्या विषयात नातेवाइकांचाही उत्साह संपला आहे. गाडी दुसऱ्याच्या हातची, जुनी, पण माझ्या पगारातून घेतलेली, म्हणून तिच्या बाबतीत मी जरा जास्तच मालकीणबाई. बाबा एसटीचे ड्रायव्हर होते. अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, चंद्रपूर, सगळे रस्ते त्यांच्या हाताखालून गेलेले. इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत, आई सांगते.

दर ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनाचा सोहळा असतो. आमच्या वस्तीतली माणसं पांढरे कपडे घालून जायची, आणि त्यांना नेणाऱ्या जादा गाडीवर बहुतेक वेळा बाबाच असायचे. अख्खी बस पांढरी आणि एकटे बाबा खाकी. लोकांना उतरवायचं, गाडी डेपोत लावायची, तिच्या सावलीत पडून राहायचं आणि संध्याकाळी सगळ्यांना भरून परत आणायचं, हा त्यांचा सोहळा. आई आणि मीसुद्धा त्याच गाडीत बसून जायचो आणि त्यांना तिथेच सोडून वंदनेला जायचो. निवृत्तीनंतर त्यांचा मोतीबिंदू आणि आईचे गुडघे यांच्यात तो योग हुकतच राहिला. यंदा मात्र त्यांनी पांढरा सदरा-पायजमा शिवून घेतला आणि जेवताना सांगितलं, "यावर्षी माह्या माणसायले मी नेतो. पांढऱ्या कपड्यात."

मागणं एवढंच होतं. गाडी त्यांनी चालवायची. बाबा कधी काही मागत नाहीत, त्यामुळे नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. खरं सांगायचं तर मी शोधलं होतं.

जायच्या आदल्या दिवशी रविवार होता. सकाळी मी गाडीची सेवा मांडली. मोबाईलवर कोणीतरी एअर फिल्टर घरच्या घरी कसा साफ करायचा ते दाखवलं होतं. डबा उघडला, त्याच्या पुढची रबरी नळी काढली, नळीवर बसलेली एक चिमुकली वायर सोडवली, फिल्टरमधली धूळ झटकली आणि सगळं होतं तसं बसवलं. बॉनेट लावलं. गाडी सुरू करून पाहायची गरज मला वाटली नाही. पोरांच्या वह्या मी भिंग लावल्यासारख्या तपासते, पण स्वतःच्या कामावर बरोबरची खूण आधीच मारून ठेवलेली असते. मग मी कपडे धुवायला बसले. मी कपडे धुऊन न्हाईपर्यंत बाबा, हात बसवायचा म्हणून, वैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन आले होते. आई त्यांच्या बाजूला, मागे शेजारच्या काकू. काकूही दुसऱ्या दिवशी आमच्यासोबत येणार होत्या.

"मी काई नाई केलं," बाबा म्हणाले. मग, खरा माणूस असल्यामुळे, त्यांनी स्वतःविरुद्ध साक्ष दिली. "पुलाच्या अलीकडं तो उंच ब्रेकर आहे नं, तिथी जराशी खाली लागल्यावानी वाटली."

बस. मला तेवढंच हवं होतं.

"वाटली? लागलीच असन! बाबा, हे एसटी नाई होय. दणादण गिअर टाकाचे अन् ब्रेकरवरून उडवाची. जमत नाई तं चालवता काऊन? उद्या जंगलात बंद पडली म्हणजे काय करू मी?"

काकू मागच्या दारातून उतरत होत्या. एक पाय अंगणात, एक पाय गाडीत, तशाच त्या थांबल्या. आई म्हणाली, "हळू बोल नं." मी हळू बोलले नाही. आणखीही काही बोलले, ते इथे लिहवत नाही. बाबांनी इंजिन बंद केलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि नळावर पाय धुवायला गेले. बराच वेळ ते पायच धूत होते.

गॅरेजला जायचा प्रश्न नव्हता. रविवार होता, आणि शिवाय मी विज्ञान शिकवते. गाडी घेतली तेव्हा हौसेनं मागवलेला स्कॅनर कपाटात पडून होता. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ एक खोबण असते, त्यात तो खोचायचा आणि मोबाईलला जोडायचा. मग गाडी आपलं दुखणं मोबाईलवर सांगते. मी फरशीवर बसून, डोकं गाडीत घालून, तो एकदाचा खोचला. पडद्यावर एक अक्षर आणि त्यामागे काही आकडे आले. खाली इंग्रजीत अर्थ होता: इंजिनात येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर, त्याच्या सर्किटात बिघाड.

मी काय करावं? ज्यासाठी पोरांना रागावते तेच केलं. उत्तर समजून न घेता पुसून टाकलं. मोबाईलवर बिघाड पुसायचं बटण असतं, ते दाबलं. दिवा विझला. गाडी सुरू केली, थोड्या वेळात दिवा पुन्हा हजर.

मग पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरले. ब्रेकरला कुठे लागली ते शोधायला. मोबाईलच्या उजेडात सगळं पोट पाहिलं, ओरखड्याची रेघसुद्धा नव्हती. तरी माझं मत बदललं नाही. लागली नसेल, हादरा तर बसला असेल, आणि हादऱ्यानं आतलं काही बिघडू शकतं, असं मी स्वतःला समजावलं. वर्गात कोणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला तास संपेपर्यंत उभं ठेवलं असतं.

बाबा दारात येऊन उभे राहिले होते. "ऑइल गळते काय?" त्यांनी विचारलं.

"नाई. तुम्ही जा आत."

ते गेले नाहीत, फक्त एक पायरी मागे सरकले.

मोबाईलवर आणखी एक पान असतं. त्यात गाडीतला प्रत्येक सेन्सर या क्षणी काय सांगतो आहे ते दिसतं. इतका वेळ मला ते उघडायचं सुचलं नव्हतं, कारण उत्तर मला आधीच माहीत होतं ना. ते उघडलं आणि हवेच्या तापमानापुढचा आकडा वाचला. उणे चाळीस. अंगणातली फरशी उन्हानं अशी तापली होती की अनवाणी पाय ठेववत नव्हता, आणि आमची गाडी म्हणत होती की ती उणे चाळीसच्या थंडीत उभी आहे.

सर्किट मध्येच तुटलं की आकडा असा टोकाला जाऊन बसतो. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. सेन्सर बिघडला नव्हता, त्याची वायर सुटली होती. ती सेन्सरची वायर म्हणजे नळीवरची ती चिमुकली वायर, आणि सकाळपासून तिला एकाच माणसाचा हात लागला होता.

मी बॉनेट उघडलं. वायरचा प्लग आपल्या जागेवर होता, पण तिरपा. खटका बसलाच नव्हता. मी तो फक्त टेकवून ठेवला होता, गाडीच्या थरथरीनं तो सुटला. अंगठ्यानं दाबला, टक्क आवाज झाला. मोबाईलवरचा आकडा सरळ आमच्या गडचिरोलीच्या दुपारीत येऊन बसला. बिघाड पुसला, गाडी सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली. दिवा लागला नाही. एखादं गणित सुटल्यावर इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"झालं?" बाबांनी दारातून विचारलं.

"झालं."

"काय होतं?"

"काई नाई. एक वायर सुटली होती."

"हं," बाबा म्हणाले. "ब्रेकरवर लागली तवाच सुटली असन."

मी फडक्यानं हात पुसत होते. एकेक बोट वेगळं पुसत होते. कुंपणापलीकडे काकू वाळत घातलेले कपडे उगाच उलटसुलट करत होत्या. नाई बाबा, माह्यामुळं सुटली, एवढंच म्हणायचं होतं. पण मघाशी मी इतक्या मोठ्यानं बोलले होते की आता तेवढ्याच मोठ्यानं बोलावं लागलं असतं, आणि तेवढा आवाज माझ्यात उरला नव्हता. जेवताना सांगू असं ठरवलं. जेवताना आईनं भाजीत मीठ कमी झाल्याचं काढलं, सगळे त्यावर बोलले, मीही बोलले.

सकाळी बाबा नवा सदरा-पायजमा घालून बाहेर आले. पांढऱ्या कपड्यात ते निराळेच दिसत होते, जरा लहान. सवयीप्रमाणे गाडीभोवती एक चक्कर मारली, चारी चाकांना पायानं ठोकून पाहिलं, आणि मागचं दार उघडून आईशेजारी जाऊन बसले.

"बाबा, पुढं या नं. तुम्ही चालवणार होते."

"नाई. तूच चालव. मोठा रस्ता आहे, ट्रका राह्यते."

"पण ठरलं होतं आपलं."

"ठरलं तवा माह्या हाताचा भरोसा होता मले," ते म्हणाले. रुसून नाही. आज दाढी करायची नाही असं सांगावं इतक्या साधेपणानं.

तेवढ्यात काकू आल्या आणि माझ्या बाजूच्या सीटवर बसल्या. काकूंदेखत मी बापाला वाट्टेल ते बोलू शकले होते. काकूंदेखत खरं बोलायला मात्र जीभ उचलली नाही. मी किल्ली फिरवली. पिवळा दिवा क्षणभर लागला आणि विझला.

व्याहाड, सावली, मूल, एकेक गाव मागे पडत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान लोंबीवर आलेलं. एरवी बाबा कोणाच्याही गाडीत बसले तरी नजर समोरच्या रस्त्यावर असते, आणि वळण आलं की त्यांचा पाय आपोआप ब्रेक शोधतो. त्यावर आम्ही त्यांना हसतो. त्या दिवशी मी आरशात पाहत होते. ते बाजूच्या खिडकीतून झाडं पाहत होते, पहिल्यांदाच हा रस्ता पाहणाऱ्या पाहुण्यासारखे. आणि मला राहून राहून माझंच वाक्य ऐकू येत होतं, हे एसटी नाई होय. ते गाडीबद्दल नव्हतंच. कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर बसस्टँडवर उभी असले आणि खाकीतले बाबा समोरून आले, की मी पुस्तकात डोकं घालायची. त्यांना ते कळत असावं, कारण ते मला हाक न मारता पुढे निघून जायचे. ते वाक्य तिथून आलं होतं, इतक्या वर्षांनी, बरोबर पत्ता शोधत.

दीक्षाभूमीवर गर्दी लोटली होती. वंदना झाली, बाबांनी डोळे मिटून हात जोडले. बाहेर पुस्तकांच्या दुकानांपाशी एका म्हाताऱ्या माणसानं त्यांना ओळखलं. सावलीकडचा कोणी, त्यांच्या गाडीतून वर्षानुवर्षं आलेला.

"जय भीम, डायवर भाऊ! अन् आज पांढऱ्यात! गाडी तुम्हीच आणली असन?"

"जय भीम. नाई जी, पोरीनं आणली," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे केलं. "हे आमची बाई. सायन्स शिकवते. काल गाडीत बिघाड झाला तं इनं घरीच काढला, मिस्त्रीकडं जाची गरज नाई पडली. माह्या हातून आता चूक होते, भाऊ. हात गेला माहा."

हे ते अभिमानानं सांगत होते. माझ्याबद्दलच्या अभिमानानं, स्वतःला खाली ठेवून. तो माणूस माझ्याकडे कौतुकानं पाहत होता. मी हसले. त्या जागेवर, त्या दिवशी, बापाच्या हाताखाली उभी राहून मी हसले, याची लाज मला आजही घास गिळताना आठवते.

परतताना मूलला चहासाठी थांबलो. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. कप हातात तसाच धरून, काकू समोर असताना, मी सगळं सांगितलं. सकाळी फिल्टर मी काढला होता, वायर मी सोडवली होती, खटका मी बसवला नव्हता, ब्रेकरचा काही संबंध नाही, आणि हे मला कालच कळलं होतं.

बाबा शांतपणे ऐकत होते. मग हसले. "राहू दे बाई," ते म्हणाले. "बापाचं मन राखाले खोटं नोको बोलू."

"खोटं नाई बाबा! चला, दाखवते."

मी त्यांना हाताला धरून गाडीपाशी नेलं. बॉनेट उघडलं, प्लग काढला, गाडी सुरू केली. पिवळा दिवा लागला. प्लग खटक्यापर्यंत दाबला, स्कॅनर लावून बिघाड पुसला, दिवा गेला. इतका चोख प्रयोग मी शाळेतही कधी दाखवला नसेल. टपरीवरची दोन माणसंही बघायला आली.

बाबांनी वाकून प्लग पाहिला, बोटानं चाचपला. "बरोबर आहे तुहं," ते म्हणाले. "हेच निघाली होती. पण निघाली काऊन? खाली आदळली म्हणून."

"मी नीट लावली नव्हती म्हणून!"

"तू अन् नीट लावली नाई?" त्यांनी माझ्याकडे इतक्या भरवशानं पाहिलं की मी बॉनेट लावून टाकलं. बिघाड काय होता हे दाखवता येत होतं. कोणाचा होता, हे दाखवणारं पान त्या मोबाईलमध्ये नव्हतं.

काकूंनी पदरानं डोळे टिपले. "पोरगी असावी तं अशी," त्या आईला म्हणाल्या. "बापासाठी सारं आपल्यावर घेतलं तिनं."

आठवड्याभरात ते वस्तीत सगळ्यांना कळलं. मी बापावर अंगणात ओरडले, हे कोणी बोललं नाही. मी बापाची चूक आपल्या डोक्यावर घेतली, हे सगळे बोलले. पाण्याच्या नळावर, विहारात, किराणा दुकानात. एकदा मी चिडून म्हटलं, अहो, खरंच माझी चूक होती. तर ऐकणारी बाई आणखीनच भारावली. मी जितकं खरं सांगायचे तितकी चांगली ठरायचे. शेवटी मी बोलणंच सोडलं, आणि तो माझा विनय ठरला.

थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी मी बाबांपुढे किल्ली धरली. आरमोरीला आत्याकडे जायचं होतं. "आज तुम्ही चालवा," म्हटलं. "मी बाजूले बसते."

त्यांनी किल्लीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. "तू बाजूले बसली का माह्या पायाले धाक वाटते, बाई," ते हळूच म्हणाले, मला लागू नये अशा बेतानं. "क्लच कुठी अन् ब्रेक कुठी, तेच समजणार नाई मले."

"मग मी येत नाई. तुम्ही एकटे जाऊन या, आरामात."

"एकटा?" बाबा हसले. "रिकामी गाडी पळवून काय करू? कोणाले कुठी न्याचं असन तं माणूस गाडी चालवते."

आणि मागचं दार उघडून ते आत जाऊन बसले, माझी वाट पाहत.